वैलावरचे भांडे आणि तव्यावरची भाकरी

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात स्वयंपाकावर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. स्वयंपाक हा पाककृतींच्या पुस्तकाचा विषय, फार तर गृहशास्त्राचा. अर्थशास्त्र आणि इतिहास शिकणारीने त्यात काय पाहावे? माझे मत उलटे आहे. आपल्या समाजात बायकांचा सर्वांत जास्त वेळ ज्या कामात जातो आणि ज्याचा जमाखर्च कुठल्याच वहीत मांडला जात नाही, ते हे काम. चवीविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला वेळेविषयी लिहायचे आहे.

निमित्त झाले एका यंत्राचे. माझी मावशी पुण्यात चार घरी स्वयंपाकाला जाते. त्यांपैकी एका घरी अमेरिकेतून आणलेले विजेचे एक भांडे आहे. त्याला स्लो कुकर म्हणतात. आत जाड चिनी मातीचे लंबगोल भांडे, त्याभोवती धातूचे कवच, कवचात तापणारी तार आणि वर काचेचे झाकण. सकाळी त्यात डाळ, भाजी, मसाला, पाणी घालायचे, बटण फिरवायचे आणि घराला कुलूप लावून कामावर जायचे. सहा-आठ तासांनी परत यावे तो कालवण तयार! उतू जात नाही, करपत नाही, शिट्या मोजाव्या लागत नाहीत. दिवाळीला मावशी आमच्याकडे आली तेव्हा तिने हे सगळे हातवारे करून सांगितले. आमच्या आज्जीने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "म्हंजे वैलच की गं?"

ज्यांच्या घरी आता चूल उरली नाही त्यांच्यासाठी सांगते. वैल म्हणजे चुलीला लागून असलेले धाकटे तोंड. त्याला स्वतःचे जळण नसते. मोठ्या चुलीत जाळ असला की त्याची धग आतल्या वाटेने वैलाकडे येते. चुलीवर भाकरी चालू असतात तोवर वैलावर कालवण आपोआप, मंद मंद शिजत राहते. जाळ संपला की आहार पुढे ओढून त्यावर दुधाचे पातेले ठेवायचे. दुपार कलेपर्यंत दुधावर तांबूस जाड साय धरते. गरम राखेच्या फुफाट्यात वांगे किंवा कांदा पुरायचा. उरलेली आमटी मागे भानवशीवर ठेवायची, म्हणजे ती निवत नाही. आज्जी सांगते, तिच्या सासूच्या हातचे घुटे पहाटे वैलावर चढायचे आणि सगळी माणसे रानात जाऊन आली तरी मडके चुलीपाशी तसेच गरम असायचे. तेव्हा मंद आचेचे शास्त्र आपल्याला कुणी नव्याने शिकवावे असे नाही.

गंमत अशी की त्या अमेरिकन भांड्याचे मूळही एका गावच्या भट्टीतच आहे. त्याचा जनक इर्व्हिंग नॅक्सन हा शिकागोचा संशोधक. त्याच्या आईने त्याला आपल्या माहेरची, म्हणजे लिथुआनियातली एक रीत सांगितली होती. ज्यू लोक शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ पाळतात. त्या वेळात विस्तव पेटवायचा नाही आणि स्वयंपाकही करायचा नाही. म्हणून शुक्रवारी घेवड्याचे दाणे, बटाटे, सातू, मांस असे सगळे घालून भरलेले मडके गावातल्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवीत. भट्टीत नवे जळण पडत नसे, पण तिची धग रात्रभर टिके. शनिवारी मडके घरी आले की जेवण गरम. या पदार्थाला चोलंट म्हणतात. नॅक्सनने त्या भट्टीचे काम विजेच्या तारेकडून करून घेतले. १९४० साली त्याला पेटंट मिळाले. १९७० मध्ये त्याचा कारखाना रायव्हल नावाच्या कंपनीने विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडे क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणले. त्या दशकात अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येने नोकरीसाठी घराबाहेर पडत होत्या. साहजिकच ते धडाक्याने खपले.

आपल्या देशात याच्याही आधी, १९१० साली, कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी इक्मिक कुकर काढला होता. खाली निखाऱ्यांची छोटी शेगडी, वर एकावर एक डबे. भात, डाळ, भाजी एकदम चढवायची आणि आपल्या उद्योगाला लागायचे. कल्पना तीच.

चोलंटची हकिकत वाचल्यापासून एक गोष्ट माझ्या मनात घोळते आहे. तिथे भांडे नंतर आले. आधी नियम आला. एक दिवस कुणीही विस्तवापाशी जायचे नाही असे साऱ्या गावाने ठरविले होते आणि त्या नियमाला धरून मडके भट्टीत गेले. आपल्याकडेही श्रावणात शितळासप्तमीला चूल पेटवीत नाहीत. तिला सारवून, हळदकुंकू वाहून विश्रांती देतात आणि आदल्या दिवशी केलेल्या दशम्या, भाकरी, दहीभात खातात. त्या दिवशी शिळी भाकरी कुणाच्याही घशाला टोचत नाही. घरातला कुठलाही पुरुष "गरम का नाही?" असे विचारीत नाही. उरलेल्या ३६४ दिवसांचे काय, हा माझा प्रश्न आहे.

पुन्हा मावशीकडे येते. तिचे वर्णन ऐकून मी भाबडेपणाने विचारले, "मग मावशी, त्या घरचं तुझं काम सुटणार की काय?" ती हसली. "अगं पोरी, ती पेटी काय पोळ्या लाटती व्हय?" त्या घरी स्लो कुकर आल्यापासून डाळ आणि उसळ तिच्या हातून गेली, पण पोळ्यांसाठी ती रोज दोन्ही वेळा जाते. घरातली बाई नोकरीला जाते, तिचा नवरा नोकरीला जातो, भांडे दिवसभर आपले आपण शिजते आणि शेवटी सगळे अडते ते पोळीवर. एक महत्त्वाची सूचनाही मावशीने दिली. राजमा कच्चा त्या भांड्यात घालायचा नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते आणि मंद उष्णतेने ते नाहीसे होत नाही. म्हणून तो रात्रभर भिजवून, पाणी टाकून, निदान दहा मिनिटे, खरे तर अर्धा तास, खळखळून उकळल्यावरच कुकरात जातो. मालकिणीने तिला हे पहिल्या दिवशीच बजावले होते.

माझ्या मते सगळे मर्म इथेच आहे. अमेरिकेत जेवणाचा मुख्य भाग भांड्यात असतो आणि पाव दुकानातून येतो. म्हणून भांड्याने वाट पाहिली की बाई मोकळी होते. आपल्याकडे भांडे कधीच अडवीत नव्हते. ते वैलावर मुकाट्याने शिजतच होते. बाईला जखडून ठेवते ती भाकरी. त्यातही गव्हाची कणीक आदल्या रात्री मळून ठेवता येते. ज्वारीला तो चिकटपणाच नाही. पिठात आधणाचे पाणी घालून काटवटीत मळावे, एकेक गोळा त्या त्या वेळी पुन्हा रगडावा, थापावा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवावा, उलटावी, मग आहारावर उभी धरून फुगवावी. पीठ मळून ठेवले तर भाकरीला चिरा पडतात. दहा भाकरी एकदम होत नाहीत. प्रत्येकीला माणूस समोर बसलेला लागतो. आमच्या घरी पाच माणसे. सकाळच्या न्याहरीच्या आणि रानात बांधून न्यायच्या मिळून चौदा भाकरी. एकीला तीन मिनिटे धरली तरी बेचाळीस मिनिटे झाली आणि रात्री पुन्हा तोच पाढा. जगातला कुठलाही मंद आचेचा कुकर या बेचाळीस मिनिटांतले एक मिनिटसुद्धा कमी करू शकत नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे आढळले आणि तेच काम करणाऱ्या पुरुषाची ९७. पण असे काम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले, बाया मात्र एक्क्याऐंशी. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "यंत्रं आली की आपोआप कमी होईल." वर्गातल्या बऱ्याच जणांना ते पटले. मला पूर्ण पटले नाही. पूर्ण खोटेही वाटले नाही.

पूर्ण खोटे वाटले नाही ते गिरणीमुळे. आज्जी लग्न होऊन आली तेव्हा घरात जाते होते. पहाटे चारला उठून दोघी जावांनी दळायचे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा, आज्जी सांगते, जुन्या माणसांनी नाके मुरडली. गिरणीचे पीठ जळके लागते, भाकरीला गोडी येत नाही, अंगाला लागत नाही, सगळे बोलून झाले. आज आमच्या घरातल्या एकालाही जात्यावरच्या पिठाची चव आठवत नाही. जिभेचे असेच असते. चार महिने तिची समजूत घालावी लागते. पण ज्या यंत्राने बायकांचे पहाटेचे दोन तास खरोखर परत दिले, असे मी तरी एक गिरणीच मानते. नळाला दुसरा मान द्यावा लागेल, तो ज्या गावी दररोज येतो त्या गावी.

आणि पूर्ण पटले नाही ते इतिहासाच्या मॅडमांनी सांगितलेल्या एका पुस्तकामुळे. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, घरातल्या नव्या साधनांनी पुरुषांची आणि मुलांची घरकामे वाचली, बाईची तेवढी वाचली नाहीत. उघड्या चुलीच्या जागी लोखंडी स्टोव्ह आला तेव्हा लाकडे फोडण्याचे पुरुषाचे काम कमी झाले; बाईचा स्वयंपाक मात्र उलट वाढला, कारण आता एकाच वेळी तीन पदार्थ करता येऊ लागले. हे ऐकताना मला आमचेच घर दिसले. गॅस आला तशी माझ्या भावाची जळण आणण्याची पाळी जवळजवळ संपली. सिलिंडर परवडत नाही म्हणून भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच होते. पण चहा आणि कालवण गॅसवर. आईच्या वाट्याचे काय कमी झाले म्हणाल तर धूर थोडा कमी झाला. तेही थोडके नाही, हे मान्य.

आता कुणी विचारील की एवढे सगळे असताना तू घरी काय केलेस? स्लो कुकर घेणे आमच्या ऐपतीतले नाही आणि असता तरी मी घेतला नसता. त्याला वीज फार लागत नाही. दोनशे वॅटचे भांडे आठ तास चालले तरी दीड-पावणेदोन युनिटांचा मामला. पण आमच्याकडे विजेचा खेळखंडोबा असतो. मध्येच चार तास वीज गेली तर अर्धेकच्चे अन्न कोमट राहते, आणि कोमट अन्नात रोगजंतू वाढतात. म्हणून मी जुनाच मार्ग धरला. १८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात नॉर्वेकडची एक पेटी ठेवली होती. तिला ना विस्तव ना वीज. उकळते भांडे झाकण लावून आत ठेवायचे आणि पेटीच्या जाड अस्तराने त्याची ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. पुढे गवत भरलेल्या खोक्यावरही हेच काम होऊ लागले. आमच्याकडे द्राक्षांची रिकामी खोकी मिळतात. त्यात गोणपाट घातले, भोवती जुनी वाकळ. रात्री नऊला भिजलेली तूरडाळ किंवा मटकी गॅसवर दहा-पंधरा मिनिटे चांगली उकळू द्यायची आणि पातेले उचलून वाकळीत गुंडाळायचे. पहाटे पाचला डाळ बोटाने मोडते. मग फोडणी देऊन पुन्हा खळखळून उकळी आणायची; ही उकळी चुकवायची नाही. हुलगे मात्र या वाटेने पुरते शिजत नाहीत, त्यांना शिट्यांचाच कुकर लागतो. गेल्या जूनपासून हे चालू आहे. गॅस वाचतो, आणि पहाटे कालवणाकडे बघावे लागत नाही म्हणून अर्धा तास वाचतो. आज्जीने या खोक्याचे नाव 'बाळंतीण' ठेवले आहे, कारण ते सदा गुंडाळलेले असते.

पण भाकरी राहिलीच. म्हणून मी घरात एक ठराव मांडला. पहाटे आई आणि मी दोघी बसतोच. तेव्हाच दोन्ही वेळच्या भाकरी करून फडक्यात बांधून दुरडीत ठेवाव्यात. आई भांगलणीवरून संध्याकाळी साडेसहाला येते. आल्याबरोबर हातपाय धुऊन तिने पुन्हा चुलीपुढे बसू नये. पहिल्या रात्री आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, भाकरी मोडली, थोडा वेळ हातात धरली आणि विचारले, "सकाळची हाय व्हय ही?" आई म्हणाली, "व्हय." ते काही बोलले नाहीत, जेवले. चौथ्या दिवशी आईने आपणहून तवा ठेवला. मी रागावले तर म्हणाली, "दिसभर उन्हात ऱ्हात्यात गं."

ती स्वतःही दिवसभर उन्हात राहते, हे तिच्या लक्षात आले नाही. येथे माझ्या वडिलांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. मला शिकविण्यासाठी त्यांनी म्हैस विकली. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजात आलेली मी पहिली. मला दिसते ती विसंगती वेगळीच आहे. दुपारी बांधावर बसून दादा तीच पहाटेची भाकरी कांदा आणि चटणीबरोबर खातात आणि म्हणतात, रानातल्या भाकरीची गोडी घरात नाही. म्हणजे गार भाकरीचे आपल्या पुरुषांना वावडे नाही. दुपारी जी भाकरी गोड लागते तीच रात्री घरात आली की शिळी होते, कारण घरात तवा आहे आणि तव्यापाशी बसायला बाई आहे. ज्वारीची भाकरी निवल्यावर कडक होते हे खरे. पण सोलापूरकडे मुद्दाम कडक भाकरी करतात, ती कितीतरी दिवस टिकते आणि आता पाकिटातून दुकानात विकत मिळते. शहरातली माणसे ती कौतुकाने चुरून खातात.

शहरांनी या प्रश्नाचे उत्तर पोळी-भाजी केंद्रात शोधले आहे. तेथे पोळी विकत मिळते, बाईचा वेळ वाचतो, हे छानच. फक्त तेथे दिवसभर तव्यापुढे उभ्या असतात त्या माझ्या मावशीसारख्या बाया, आणि त्या घरी गेल्यावर त्यांच्या तव्यावर कोण असते हे सांगायला नको. एकीची मिनिटे दुसरीच्या खाती लिहिली जातात एवढेच. अर्थात मावशीला पैसे मिळतात, आईला मिळत नाहीत. तेव्हा त्यातही फरक आहे आणि तो मी लहान मानीत नाही.

दुसरा उपाय म्हणजे भाकरी थापणाऱ्या हातांची संख्या वाढविणे. माझा भाऊ दहावीत आहे. त्याला मी दिवाळीच्या सुटीत बसविला. त्याच्या भाकरीची कड फाटते आणि मध्यभाग जाड राहतो, पण सहापैकी दोन फुगतात. आज्जीला ते पाहवत नाही. ती तोंड फिरवून बसते आणि तरीसुद्धा "पाण्याचा हात फिरीव रं" असे सांगायला विसरत नाही. यावर आमच्या वर्गातल्या काही मुलांनी मला विचारले की दहावीच्या वर्षी मुलाला चुलीपुढे बसविणे बरे का? मी दहावीत होते तेव्हा माझ्याविषयी हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

आता प्राध्यापक मंडळींसाठी एक गोष्ट. आमच्या गावाहून सकाळी सव्वासहाला एस. टी. निघते, ती पहिल्या तासाला पोहोचते. दुसरी साडेसातला निघते, तिने आल्यावर पहिला तास बुडतो. सव्वासहाच्या गाडीत बहुतेक मुलेच असतात. साडेसातच्या गाडीत मुलींना उभे राहायलाही जागा नसते. आळस म्हणाल तर त्या मुली मुलांच्या आधी उठलेल्या असतात. पहिल्या तासाचा हजेरीपट उघडून बाहेरगावच्या मुलींची नावे तेवढी पाहावीत. यंदा आमचा इतिहासाचा सक्तीचा विषय पहिल्या तासाला आहे आणि ऐच्छिक विषय तिसऱ्याला. वेळापत्रक जूनमध्ये नव्याने बसविले जाईल, तेव्हा या दोघांची अदलाबदल करता येईल काय?